रेजिना, आणि गिरणीचे चाळीस सेकंद

प्रिय ईरा आणि मिहीर,

ईरा, तुझा मेसेज मिळाला. सुटीत तुमचं कॉलेज वीस मुलांना तीन आठवड्यांसाठी केनियातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला नेणार आहे, आणि घरात कोणी असं काम केलं असेल तर त्याबद्दल दोन परिच्छेद अर्जाला जोडायचे आहेत. "आजी, तू झांबियाच्या मुलांना शिकवायचीस ना, त्याचं छानसं लिहून दे," असं तू म्हणतेस. मी दोन दिवस प्रयत्न केला. छानसं लिहिता आलं नाही. जे लिहिता आलं ते अर्जाला जोडू नकोस. पण जाण्याआधी ते वाच, आणि मिहीरलाही वाचायला दे.

एक दुरुस्ती सुरुवातीलाच करते. मी शिकवत नव्हते. मी हजेरी ठेवायचे, पत्रव्यवहार बघायचे, फायली नीट लावायचे. शिकवायची ती रेजिना. गेल्या हिवाळ्यात ती ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीला, तिच्या मुलीच्या घरी वारली. आता मी लिहिलं नाही तर आम्ही दोघी जिथे काम करायचो त्या संस्थेच्या वेबसाइटवर जे आहे तेच खरं मानलं जाईल.

ऑस्ट्रेलियात, क्लेटनला तुमच्या मामाकडे राहायला आले तेव्हा मला काही काम नव्हतं. माझ्यासारखाच पुण्याचा निनाद नावाचा आयटीतला मुलगा आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. त्याने ऑफिसातल्या मित्रांबरोबर ही संस्था काढली होती. झांबियाच्या दक्षिण भागातल्या एका माध्यमिक शाळेला त्यांनी बारा वापरलेले लॅपटॉप आणि काही फोन पाठवले होते. दर शनिवारी व्हिडिओ कॉल लावून तिथल्या मुलांना पोस्टर कसं करायचं, फोटो कसा घ्यायचा, आवाज कसा रेकॉर्ड करायचा, छोटी फिल्म कशी जोडायची हे शिकवायचं. हिवाळ्यात आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजायचे तेव्हा तिकडे सकाळचे दहा असत. ऑक्टोबरात आमची घड्याळं पुढे गेली की आम्ही सातला बसायचो. कम्युनिटी सेंटरची एक खोली आम्हाला मिळाली होती. निनाद म्हणाला, "काकू, तुम्ही युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात होतात, आम्हाला शिस्त लावा." मी लावली. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

रेजिना आली ती निळा पोलो टी-शर्ट घालून, छातीवर बिल्ला. त्यावर रेजी असं लिहिलेलं. ती जवळच्या वृद्धाश्रमात लाँड्रीत कामाला होती आणि शनिवारची आर्वो, म्हणजे दुपारची, शिफ्ट संपवून थेट यायची. आत येताना त्या बिल्ल्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायची आणि जाताना काढून पर्समध्ये ठेवायची. तोच तुकडा तीन-चार आठवडे चालायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तिथे मी त्यांची रेजी. इथे नाही."

ती मूळची वसईची. फॉर्म भरताना अनुभवाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: बावीस वर्षं, मुंबईत, जाहिरातपटांचं संकलन. आधी हाताने फिल्म कापायची, मग कॉम्प्युटरवर. नवऱ्यामागून ऑस्ट्रेलियात आली तेव्हा ते बावीस वर्षांचं काम इथे कोणी मोजलं नाही. निनादने अगदी नम्रपणे विचारलं की आंटी, सध्याची सॉफ्टवेअर्स जमतील का. तिने त्याच्याच लॅपटॉपवर त्याने केलेली संस्थेची ओळख करून देणारी क्लिप उघडली. चार मिनिटांची होती, तिने ती सव्वा मिनिटावर आणली आणि म्हणाली, "बाकीच्यात तू फक्त स्वतःला थँक यू म्हणत होतास."

पहिल्याच दिवशी तिने मला तू म्हटलं. मी पुढे वर्षभर तिला तुम्ही म्हणत राहिले. मला ती उद्धट वाटायची. ती उद्धट होतीच. एका मुलीने पुष्कळ मेहनतीने केलेलं पोस्टर बघून तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं की यात तू कुठेच नाहीस, सगळं इंटरनेट आहे. ती मुलगी पुन्हा वर्गाला आली नाही. रेजिनाला त्याचं वाईट वाटलं की नाही, मला कधी कळलं नाही. चांगलं झालं तरी ती चांगलं म्हणायची नाही. फार तर "हं, पुढे" म्हणायची. तिकडची मुलं त्या "हं"ची वाट बघत बसायची.

शिकवताना ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसायची. साठीच्या बाईने असं शाळकरी मुलासारखं बसलेलं विचित्र दिसायचं. कारण असं की आमच्या इथून तिकडच्या लॅपटॉपचा ताबा घेता यायचा. मुलगा अडला की आमचे स्वयंसेवक पटकन ताबा घ्यायचे, दोन क्लिक करायचे आणि मग विचारायचे, समजलं ना? मुलगा हो म्हणायचा. रेजिना म्हणायची, "मला वीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप जातो. म्हणून दाबून ठेवते." एका शनिवारी शेजारच्या टेबलावर एक तरुण असाच एका मुलाचं अख्खं पोस्टर करून देत होता. रेजिना उठली आणि तिने त्याच्या लॅपटॉपचं झाकण बंद केलं. तो चिडून मेट, व्हॉट द हेल म्हणाला. ती म्हणाली, "सोळा वर्षांच्या मुलाला घास भरवतोयस. त्याला खाता येतं, हळू खातो एवढंच." त्या तरुणाने नंतर येणं बंद केलं. निनादने तिला समजावलं की व्हॉलंटिअर मिळत नाहीत, थोडं सांभाळून. ती म्हणाली की मग मदत थोडी कमी करा, माणसं पुरतील.

माहितीपत्रक छापायचं होतं तेव्हाही असंच झालं. शाळेचे शिक्षक मिस्टर बंडा यांनी मुलांचे फोटो पाठवले. मुलांना फोटोचं आधी सांगितलेलं, त्यामुळे सगळी इस्त्री करून आलेली, एकाने तर काकाचा कोट घातलेला. संस्थेच्या कमिटीला ते पसंत पडले नाहीत. वर्गाबाहेर धुळीत अनवाणी उभ्या तीन मुलांचा एक जुना फोटो होता, तो निवडला गेला. त्यातलं एकही मूल आमच्या वर्गात नव्हतं. रेजिनाने तो फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "कोटवाला का नको? त्याला बघून लोकांना वाटेल की ह्याला आपली गरज नाही, म्हणून?" माहितीपत्रक अनवाणी मुलांचंच निघालं. त्याच्या वाटपाची यादी मी केली.

आता मुटिंताबद्दल सांगते.

मुटिंता अकरावीत होती. उंच, कमी बोलणारी, कॅमेऱ्यात नेहमी अर्धीच दिसणारी, कारण ती बाकाच्या टोकाला बसायची. रेजिनाने वर्गाला पहिला अभ्यास दिला होता तो चित्र न घेता एक मिनिटाचा नुसता आवाज आणण्याचा. मुलांनी बकऱ्या आणल्या, मिनीबस आणली, फुटबॉल आणला. मुटिंताने आणला होता तो तिच्या आईने कोळशाची शेगडी पेटवण्याचा आवाज, आणि त्यात मधले वीस सेकंद काहीच नव्हतं. मग तिनेच विचारलं, मॅडम, काही ऐकू येत नाही तो वेळ कापायचा का? रेजिनाने तिला उलट विचारलं की त्या वेळात तुझी आई काय करत होती. ती म्हणाली, ठिणगी धरते का बघत होती. "मग कापू नकोस," रेजिना म्हणाली. पुढे "हं" सुद्धा म्हणाली नाही. पण कॉल संपल्यावर मला म्हणाली, "हिला येतं. शिकवायचं नाही, फक्त मध्ये यायचं नाही."

मध्ये न येता तिने मुटिंताला वर्षभर शिकवलं. ते कसं, हे मी पाहिलं आहे. मुटिंता म्हणायची हा शॉट लांब वाटतो. रेजिना विचारायची, किती? मोजून सांग. सात सेकंद. कितीचा हवा? चार. का? मग मुटिंता विचार करायची आणि इकडे रेजिना हातांवर बसून खिडकीबाहेर बघायची. कधीकधी पाच-पाच मिनिटं दोन्ही बाजूंना कोणी बोलायचं नाही. मी घड्याळ बघायचे.

मुटिंताने फिल्म केली ती मका दळायच्या गिरणीवर. गावातल्या बायका डोक्यावर मका घेऊन येतात, रांग लागते, गिरणीवाला सगळ्यांची थट्टा करतो, आणि तेवढ्यात वीज जाते. तिकडे वीज तासन् तास जाते. गिरणीचा पट्टा थांबतो. मुटिंताने तो थांबलेला पट्टा चाळीस सेकंद तसाच ठेवला होता. त्या चाळीस सेकंदांत एक बाई बाळाला दुसऱ्या कडेवर घेते, एक म्हातारी मक्याचा एक दाणा उचलून परत पोत्यात टाकते, कोणीतरी जांभई देतं. बाकी काही होत नाही. मग वीज येते, पट्टा झटका देऊन फिरतो, बायका हसत उठतात आणि गिरणीच्या आवाजात त्यांचं हसणं बुडून जातं. चार मिनिटांची फिल्म. ती पाहून झाल्यावर रेजिनाने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "बावीस वर्षांत मला कोणी चाळीस सेकंद ठेवू दिले नाहीत." त्या दिवसापासून मी तिला तू म्हणायला लागले.

राजधानीत, लुसाकाला, एका कॉलेजात फिल्म शिकवतात. दरवर्षी थोड्या मुलांना तिथे पूर्ण शिष्यवृत्तीवर घेतात. स्वतः केलेली एक फिल्म पाठवायची आणि मुलाखत द्यायची. मुटिंताच्या घरी पुढे शिकवायची ऐपत नव्हती, म्हणजे ही जागा मिळाली तरच शिक्षण. शाळेच्या इंटरनेटवरून एवढी मोठी फाइल चढत नव्हती. मिस्टर बंडांनी तालुक्याच्या गावी जाऊन दोन दिवस बसून ती आमच्या सामायिक फोल्डरमध्ये चढवली, मूळ चित्रणासकट. शाळेकडे मेमरी कार्डं तीनच. ती पुसून पुढच्या मुलांना दिली गेली. लॅपटॉपवरचंही जागेसाठी काढून टाकलं. कॉलेजला फिल्म पाठवायचं काम आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

त्याच सुमाराला आमचा वार्षिक कार्यक्रम होता. क्लेटन आणि आजूबाजूचे पाहुणे, स्थानिक नगरसेवक, समोसे, मुलांच्या फिल्म. कमिटीची बैठक शनिवारी दुपारी झाली, रेजिना शिफ्टला होती. ठरलं असं की मुलांचं काम लोकांसमोर जाण्याआधी थोडं पॉलिश करू. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. निनादने रात्री जागून मुटिंताची फिल्म सारखी केली: चाळीस सेकंदांचे सहा झाले, गिरणीचा गोंगाट कमी केला, बायकांच्या चेहऱ्यांवर पियानो घातला, गिरणीवाल्याची थट्टा काढली कारण ती कळत नव्हती. कार्यक्रमात लोकांनी डोळे पुसले. झांबियाला कॉल जोडायचा होता, पण तिकडे वीज गेलेली, त्यामुळे मुटिंताने ते पाहिलं नाही.

रेजिना मागच्या रांगेत होती. फिल्म संपल्यावर ती सरळ निनादकडे गेली. मी बाजूलाच समोशांच्या ताटल्या रचत होते. ती त्याला म्हणाली, "तू तिच्या गावातली वीज लवकर आणलीस." निनादला ते कळायला वेळ लागला. मग तो म्हणाला की आंटी, नो वरीज, हे फक्त आजच्या शोसाठी, कॉलेजला ओरिजिनलच जाईल. ती बरं म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस ना?" मी मान हलवली.

मी ऐकलं होतं. विसरले असं मी म्हणणार नाही.

ईरा, आमच्या शाळेत दोन वह्या असायच्या. कच्च्या वहीत खाडाखोड करायची आणि मग ते स्वच्छ अक्षरात पक्क्या वहीत उतरवून बाईंना द्यायचं. कच्ची वही बाईंसमोर न्यायची म्हणजे लाज. आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्स कच्ची वही रद्दीत टाकायला लावायच्या. मी आयुष्यभर तशीच वागले, ऑफिसातही तशीच, आणि त्याबद्दल माझं नेहमी कौतुकच झालं. फिल्म पाठवायच्या दिवशी फोल्डरमध्ये दोन्ही होत्या. मी दोन्ही पुन्हा पाहिल्या. मला मनापासून वाटलं की परीक्षकांसमोर स्वच्छ प्रत गेली तर पोरीला जागा मिळेल, आणि रेजिना तिच्या हट्टापायी पोरीचं नुकसान करते आहे. मी निनादने केलेली फिल्म पाठवली. फोल्डर भरल्याची सूचना बरेच दिवस येत होती. म्हणून मूळ फिल्म, तिचं चित्रण, मधल्या सगळ्या प्रती मी काढून टाकल्या. मग तिथली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. फोल्डर फार नीटनेटकं दिसत होतं.

मुलाखत व्हिडिओवर झाली. शाळेत शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून मिस्टर बंडा बसले होते, त्यांनी नंतर सांगितलं. परीक्षकांनी फिल्म लावली. मुटिंता बघत राहिली. मग त्यांनी विचारलं की दुसऱ्या मिनिटाला, बायकांच्या चेहऱ्यांवर तू संगीत का वापरलंस? ती म्हणाली, ते माझं नाही. त्यांनी विचारलं, मग तुझं काय होतं? ती म्हणाली, माझी गिरणी चाळीस सेकंद बंद होती.

ती खोटं बोलली असती तर जागा मिळाली असती. फिल्म त्यांना आवडली होती.

मूळ फिल्म पाठवायला त्यांनी दहा दिवस दिले. निनादने त्याचा लॅपटॉप धुंडाळला, त्यात त्याचीच प्रत. ते फोल्डर ज्यांचं होतं त्या कंपनीला ईमेल गेले, मी स्वतः लिहिले, चांगल्या इंग्रजीत. टोपली रिकामी केल्यावर काही करता येत नाही असं उत्तर आलं. मुटिंताने शाळेतली कार्डं पुन्हा पुन्हा तपासली, त्यांवर खालच्या वर्गाचा फुटबॉल होता. अकराव्या दिवशी कॉलेजचं पत्र आलं: सादर केलेलं काम अर्जदाराचं स्वतःचं आहे याची खात्री होत नसल्याने विचार करता येत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी कमिटी बसली. फाइल कोणी काढली असं कोणी विचारलं नाही, सिस्टिममध्ये काहीतरी गडबड झाली असं सगळ्यांनी आपापसात ठरवलं होतं. बोलणं वेगळ्याच दिशेला गेलं. मुलीला मुलाखतीची तयारी नीट करून दिली नव्हती. उत्तर कसं द्यायचं हे शिकवायला हवं होतं. रेजिनाची पद्धत जरा कडक आहे, मुलं गोंधळतात. निनाद टेबलाकडे बघत राहिला. रेजिना माझ्या समोर बसली होती. ती दुसऱ्या कोणाकडेच बघत नव्हती. बराच वेळ. मी मिनिट्स लिहीत होते. मी लिहीत राहिले. शेवटी तिने खुर्ची मागे सरकवली आणि निघून गेली. मिनिट्समध्ये मी लिहिलं: श्रीमती रेजिना यांनी वैयक्तिक कारणास्तव काम थांबवले.

पाचेक महिन्यांनी कळलं की ती कालगुर्लीला मुलीकडे कायमची चालली आहे. जावई तिथे खाणीत इंजिनिअर. मी तिच्या घरी गेले. दुपारची वेळ होती, दार उघडं होतं, ती बैठकीत खोक्यांना टेप लावत होती. मला बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पक्क्या वहीपासून. तिने टेप लावणं थांबवलं नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "कोणी काढलं त्याचं नाव त्या फोल्डरमध्ये दिसतं. तारीख, वेळ, सगळं. मी पहिल्याच दिवशी बघितलं."

"मग तू मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?"

तिने टेप दातांनी तोडली आणि माझ्याकडे बघितलं.

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

मी काय म्हणाले ते आठवत नाही. बहुधा सॉरी म्हणाले असेन. तिने पुढचं खोकं ओढलं. मला वाटलं मदत करावी, म्हणून खोक्याची एक बाजू धरायला वाकले. ती शांतपणे म्हणाली, "राहू दे, सुनंदा. मी करते." मी हात काढून घेतला. दारातून बाहेर पडताना मागे वळून पाहिलं तेव्हा ती खोक्यावर मोठ्या अक्षरांत स्वतःचं पूर्ण नाव लिहीत होती, माझ्याकडे पाठ करून. नंतर मी दोनदा फोन केला. तिने उचलला नाही. वारल्याचं तिच्या मुलीने तीन ओळींत कळवलं.

ईरा, तू जा किंवा जाऊ नकोस, मी सांगणार नाही. तुमचा जो अर्ज आहे त्यात चांगल्या हेतूबद्दल विचारलं असेल. हेतू आम्हा सगळ्यांचा चांगला होता. माझा तर फारच.

संस्थेचा शनिवारचा वर्ग दोन वर्षांपूर्वी बंद झाला. लॅपटॉपांपैकी किती चालतात ते आता कोणी विचारत नाही. मुटिंता तिच्या गावी मोबाइलच्या दुकानात काम करते आणि लग्नांची शूटिंग करते, असं मिस्टर बंडांच्या शेवटच्या ईमेलमध्ये होतं. गिरणीची फिल्म संस्थेच्या वेबसाइटवर अजून आहे. पियानो असलेली, तीन मिनिटं पाच सेकंदांची, खाली मुटिंताचं नाव. दुसरी कुठेही नाही.

तुमची,
आजी